भिंतीवरचा कोळसा

दिवाळीनंतर मावशीचा उजवा खांदा धरला.
'धरला' म्हणतात आमच्याकडे,
मागून येऊन कुणी धरावा तसा.

पंचफुला ठवकर, लंबी रोटीवाली.
सात गावच्या लग्नांत हिचं मडकं चुलीवर पालथं पडायचं,
सैल कणिक कोपरापर्यंत झुलवायची,
हातभर, दीड हात, उजेड आरपार दिसेपर्यंत,
आणि अलगद मडक्यावर टाकायची,
निजलेल्या पोरावर लुगडं टाकावं तशी.

आता अंबाडा मी घालायची,
पोलक्याची बाही मी चढवायची.
रात्री कुशी बदलताना "माय वं",
तेवढं मात्र तिचं तिने.

बिब्ब्याचे तीन डाग उठले. खांदा ढिम्म.

भिवापूरच्या दवाखान्यातल्या पोरीने हात उचलला,
जिथे अडला तिथे तीही थांबली.
म्हणाली, "आतून आवळलाय.
ओढायचा नाही. पण सोडूनही द्यायचा नाही."

मग रोज शेकून झालं की
डावा हात स्टुलावर टेकून वाकायचं,
उजवा लोंबू द्यायचा, विहिरीतल्या बादलीसारखा,
हळूहळू गोल.
मग भिंत.
बोटांनी चढायची, कोळ्यासारखी,
कळ आली की मी कोळशाने रेघ मारायची.

नवव्या दिवशी वीतभर वर.
सतराव्या दिवशी खाली.
मी म्हटलं, आजची राहू दे.
"मार," ती म्हणाली,
"कनकीसंग खोटं बोलून रोटी होते काय?"

माघात परसोडीच्या लग्नाला तिच्या मडक्याशी मी बसले.
चाळीस रोट्या, बावीस फाटल्या.
ती मागे खुर्चीवर, हात मांडीत घेऊन,
"मनगटातून नाही वं, खांद्यातून सोड!
तुले तं खांदा हाय ना?"

चैतात दाराच्या कडीला सायकलची जुनी ट्यूब बांधली.
कोपर कमरेशी चिकटवून बाहेर ओढायची,
दहादा, थांबून पुन्हा दहादा.
दार कुरकुरायचं. ती नाही.

काल बोटं खिळ्याला लागली,
कणकेचा पंचा टांगतात त्या.
पंचा काढला. कणिक भिजवली. मला म्हणाली, सरक.

रोटी वीतभरच झाली, एकीकडे जाड,
मधल्या भोकातून मडक्याचं काळं दिसत होतं.
"हे कोनाले देऊ नोको, मी खातो."
उभ्यानेच खाल्ली, चहात बुडवून.

मी ओलं फडकं घेऊन भिंतीकडे वळले
तर म्हणाली,
"राहू दे त्या रेघा.
उद्या डावा धरला तं?"