पानाची मागची बाजू

चौतीस वर्षं भिंगाखाली रक्त वाचलं,
आता शेपू वाचते.

इंदूर, रामबाग. गच्चीवर सतरा कुंड्या,
त्यातल्या तीन तेलाच्या डब्यांच्या.
खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते,
ओला वेगळा, सुका वेगळा,
आणि वर मी पानं उलटी करत बसते.
समोरून पान खोटंच बोलतं,
हिरवं, तकतकीत, जणू काही झालंच नाही.
रोग मागे राहतो,
शिरेच्या कडेला, भाडं न देता.

वही लॅबमधलीच, उरलेली.
नोंदही तशीच.

तुळस, कुंडी चार: पानावर मीठ सांडल्यासारखे फिकट ठिपके,
मागे शाईचे काळे थेंब. जाळीदार ढेकूण.
पुदिना: जाळं, इतकं बारीक
की फुंकर घातल्यावरच दिसतं. लाल कोळी.
कोरड्या उन्हाचा पाहुणा, पाण्याला भितो.
शेपू: मावा. एका देठावर एकशे बारा मोजले,
मग सोडून दिलं.
मुंग्यांची ये-जा चालू, गवळ्यांसारखी.

उपाय: रिठे रात्रभर भिजवून.
निंबोळीचं तेल लिटरला एक चमचा, तोही सपाट.
उन्हं उतरल्यावर. मागच्या बाजूनेच.
पुदिन्याला नुसती पाण्याची धार पुरते,
पण नर्मदा एक दिवसाआड येते,
म्हणून तांदळाचं धुवण, गाळून.

शकुन जीजी कठड्यावरून सांगते,
"एक पुड़िया छिड़क दो, सब साफ़."
जीजी, याचीच चटणी वाटायची आहे संध्याकाळी.
हसते. चटणी तिच्याकडेही जाते.

आणि मग शेपूवर ते.
काळं, खरबरीत, नारिंगी डागांचं,
मगरीचं पिल्लू तांदळाएवढं करावं तसं.
इतकं कुरूप, की तपासावंसंही वाटलं नाही.
चिमटीत धरून चिरडलं. रोज पाच-सहा,
आठवडाभर.
मावा मात्र वाढतच गेला.

आठव्या दिवशी एकाला देठासकट बशीत घेतलं,
भिंग लावलं.
ते मावा खात होतं.
एकामागून एक, सावकाश,
दुपारी कुणी शेंगा सोलत बसावं तसं.
ढालकिड्याचं पोर.
मोठेपणी लाल, गोल, ठिपक्यांचं होतं,
मुलं बोटावर चढवतात तेच.

मी तिथेच फरशीवर बसले.

एक्क्याण्णवची एक स्लाइड आठवली.
वीज जाऊन आलेली, बाहेर रांग,
मी लिहिलं एक आणि होतं दुसरंच.
मुळ्ये सरांनी संध्याकाळी पुन्हा पाहिलं म्हणून निभावलं.
ओरडले नाहीत.
"ओळखीचं वाटलं ना बाई, की दोन मिनिटं थांबायचं."

वहीत लाल शाईने लिहिलं:
मागील सात नोंदी चुकीच्या.
मारलेले, सुमारे चाळीस, आपल्याच बाजूचे होते.

आता शेपूची एक कुंडी फवारत नाही.
टाकीच्या सावलीत ठेवली आहे, माव्यासकट.
येणाऱ्याला जेवायला काही हवं.
"ये वाली बीमार है क्या?" जीजी विचारते.
हो, आहे. राहू दे.

काल तिथे, पानाच्या मागे,
पिवळी अंडी, उभी, दाटीवाटीने.
मोजली नाहीत.
पान सुलट केलं, हात पुसले,
रकान्यात लिहिलं: उद्या पाहणे.