टक्

केरी मागे पडली, की तिसऱ्या वळणावर तो सुरू होतो.
टक्.
उजवा पाय खाली गेला, की टक्.
सपाटीवर नाही, उतारावर नाही,
अंजुण्याच्या धरणाकाठी मुद्दाम सात खेपा घातल्या,
तेव्हाही नाही.
फक्त चोर्ल्याच्या चढाला,
सगळ्यात हलक्या गिअरवर,
जिभेवर लोखंडाची चव येते तेव्हा.

आधी पेडल बदलले.
मग क्रँक उघडला, पुसला, नव्या ग्रीसमध्ये बसवला.
बेअरिंग शाळेच्या प्रयोगशाळेत
काचेच्या चंचुपात्रात रॉकेल घालून रात्रभर ठेवले.
सकाळी नववीची पोरं विचारतात,
टीचर, हे कसलं द्रावण?
म्हटलं, द्रावण नव्हे. काहीच विरघळलेलं नाही.

सीटखालचा दांडा ओढून काढला,
तर आतून निघालं गेल्या पावसाळ्याचं पाणी
आणि एक मुंगी,
जिवंत, माझ्यावर चिडलेली.

घरात तीन सायकली.
निळी, स्टीलची, भावाची,
मस्कतला जाताना व्हरांड्यात टेकवून गेला, ती तशीच माझी झाली.
काळी वाळपईच्या बाजाराची; तिला कॅरिअर आहे,
त्यावर नारळ, नाचणी, एकदा शेजारणीचं आजारी कोंबडं.
आणि ही राखाडी,
जिची किंमत मी घरी निम्मी सांगितली आहे.
ती निम्मीसुद्धा त्यांना पचलेली नाही.
वाजते ती हीच.

शेवटी डिचोलीला, इनासकडे.
खाणी चालू होत्या तेव्हा तो ट्रकांचे पाटे भरायचा.
आता आमच्या स्पोकांना नखाने टिचकी मारतो
आणि मान वाकडी करून ऐकतो,
डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ.
त्याने सगळे बोल्ट तपासले. फ्रेमवरून बोट फिरवलं,
चीर शोधत.
मग म्हणाला, रविवारी येतो.

रविवारी आला, हाफ पँटीत, मिस्सा करून.
माझी सायकल घेऊन तिसरं वळण चढला,
चौथं चढला, परत आला.
काही नाही.
आतां तूं चड, म्हणाला.

मी चढू लागले.
तो शेजारून चालत, एक हात सीटच्या मागे,
लहान मुलाला शिकवावं तसा.
टक्.
वाकून कान क्रँककडे नेला. टक्.
थोडा वर आणला. टक्.
आणखी थोडा वर.
मग सरळ उभा राहिला
आणि ग्रीसने काळं झालेलं बोट, न टेकवता,
माझ्या गुडघ्याकडे केलं.
बाय, हो आवाज सायकलीचो न्हय.

बेळगावहून कोबीची गाडी उतरत होती,
जळत्या ब्रेकचा वास आणि कोबीचा वास
दोन्ही एकदम आले.
मी कठड्यावर बसले. हसू आवरेना.
एकाहत्तरचं मॉडेल, इनास. पार्ट मिळायचे नाहीत.
तो म्हणाला, ग्रीस आसा.

काजूच्या बिया फोडून उठताना
आईचा गुडघा असाच वाजायचा.
आम्ही आतल्या खोलीत पुस्तकं उघडायचो घाईघाईने:
आई उठली.

इनासने पैसे घेतले नाहीत.
पण मी काढून टाकलेले जुने पेडल मागून घेतले.
चांगले होते, म्हणाला. काहीच झालं नव्हतं त्यांना.

आता मी मोजत चढते.
पाचशेपर्यंत जाते, मग एखादा नीलपंख दिसतो
किंवा दम लागतो, आकडा सांडतो,
पुन्हा एकपासून.

गेल्या रविवारी सुर्लाच्या फाट्यापर्यंत
एकदाही वाजला नाही.
उतरून पाहिलं,
काय सैल झालं.