पावसाळापूर्व पाहणी

मुंढव्याच्या खाली, मुळा-मुठेवरच्या जुन्या बंधाऱ्यावर
मी हातोडीनं टकटक करत चाललेय.
पहिला खांब खणखणीत,
दुसरा खणखणीत, तिसऱ्यापाशी
भद्द.
पुन्हा मारते. भद्द.
नारळवाल्यासारखी मान तिरकी करून ऐकते,
मग खडूनं फुली.

दीडशे वर्षांचा चुना. सांध्यात बोट घातलं
तर पेर बुडेपर्यंत आत जातं
आणि ओलं होऊन येतं.

फॉर्मवर रकाने एकवीस.
लांबी, उंची, गळती, झाडोरा
(पिंपळ तीन, उंबर एक,
मुळं मोजता आली नाहीत).
नववा रकाना: प्रयोजन.
गेल्या वर्षी इथं शिंत्रेसाहेबांनी
नुसती आडवी रेघ मारली होती.
त्याआधीच्या वर्षीही.

धोंडिराम लचके, दारवान, निवृत्तीला चौदा महिने,
म्हणतात, "नावांसाठी बांधलाय, मॅडम.
नदीला कमरेइतकं उभं करायचं,
म्हणजे उन्हाळ्यातही नावेचं बूड घासत नाही.
गुळाच्या ढेपा, चुनखडी, एकदा म्हणे अख्खी वरात.
आमचे पणजोबा ह्या दारातून नावा चढवायचे, उतरवायचे.
जिनाच आहे हा. पाण्याचा."

आता उभं पाणी आहे, नाव नाही.
वर जलपर्णी. पलीकडच्या टॉवरवाल्यांच्या जाहिरातीत
तिला 'रिव्हर व्ह्यू' म्हणतात.
खाली फेस, आणि फेसाखाली
दर पुरात थोडा आणखी उकरला जाणारा पाया.
पाडा म्हणणारे आहेत, ठेवा म्हणणारे आहेत.
दोघांची पत्रं माझ्या फायलीत एकाच टाचणीत.

दार चालवून बघायचं, हेही फॉर्ममध्ये आहे.
सहा माणसं, दोन डबे ग्रीस,
लचक्यांची एक शिवी, जी मी ऐकली नाही.
आधी झडपेनं हौद भरला, मग वरचं दार.
सागवान कण्हलं. आणि पाण्यासोबत
जलपर्णीचा एक पुंजका, ताटाएवढा,
दाराच्या बरोबर मध्ये येऊन अडकला.

"थांबा!" लचके ओरडले.
वर काहीच नव्हतं, ओला काडीकचरा.
त्यांनी बांबूच्या टोकानं गवत जरासं सारलं:
चार अंडी. मळकट. कोमट असावीत.
टिबुकली जाताना झाकून जाते, म्हणाले,
आणि तीही दिसली मग, दहा हातांवर,
बुडी मारायची, वर यायची, ओरडायची,
पुन्हा बुडी.

मागं ढकलावं, तर खालचं दार गळकं, ओढ आतच.
दार लावावं, तर चिरडणार.
मी साहेबांना फोन लावला, ठेवून दिला.
काय सांगणार होते?

मग पणजोबांनी केलं असतं तेच.
पुंजका हौदात घेतला. वरचं दार बंद.
खालची झडप टीचभर उघडी.
पाणी इतकं हळू उतरलं की भिंतीवरच्या शेवाळाची
एकेक ओळ वाचता आली.
कुणी बोलेना. टिबुकली अर्धी पळत, अर्धी उडत
भिंत ओलांडून आली.
खालचं दार उघडलं.
गेली.
फेसातून, लव्हाळ्याकडे, काठाला लागली.
तिथं तरी तिचं बरं होईल का? वरून
धरणाचं पाणी सोडलं, की तिथंही काय राहतंय.
पण आज बूड घासलं नाही.

लचक्यांनी चौकीतून एक वही आणली, वाळवी लागलेली,
रकाने हातानं आखलेले:
तारीख. नाव कोणाची. माल. जकात.
शेवटची नोंद कुणाच्या तरी मोडीत.
त्याखाली त्यांनी लिहिलं, जीभ दातांत धरून,
माल: अंडी, नग चार. जकात: माफ.
"मॅडम, सही."

फॉर्म अजून मांडीवर आहे.
सुरक्षित आहे काय, ह्यापुढे मी लिहिलंय:
तिसरा खांब पोकळ. पावसाआधी भरावा.
भरणं होत नसेल तर खालच्या वस्तीला
आत्ताच सांगावं, रात्री भोंगा वाजवून नाही.
नवव्यात, शाईनं: नौकानयन.
शिंत्रेसाहेब हसतील. हसू देत.
हाताला चुना लागलाय, तो
सहीवरही उतरलाय थोडा.