अर्थिंग

गड्ड्यातले पाळणे उतरून महिना होत नाही
तोवर फोन सुरू.
मिस्त्री, कूलर काढायचाय माळ्यावरून.
मिस्त्री, मोटर घुरघुर करतीय.
मिस्त्री, या वर्षी वाळा टाका, गवत नको.

कॅलेंडरात अजून फाल्गुन आहे.
पण दुपारी एकला अशोक चौकात
रसवंतीचे घुंगरू एकटेच वाजत असतात,
आणि गाडीच्या सीटवर हात टेकला
की हातच सांगतो, आला.

माझ्या पिशवीत पक्कड, टेस्टर, काळी टेप,
चार कॅपॅसिटर,
आणि सात मीटर हिरवी वायर,
जी कुणीच मागत नाही.

साखर पेठेत नरसम्मा बोल्ली
मांडीवर सूप घेऊन विड्या वळते.
डोक्यावर पंखा आहे, बंद.
पंखा लावला की तंबाखू उडते, पानं वाळतात.
हजार होईपर्यंत ती बिनवाऱ्याची,
वर पत्रा, पत्र्यावर ऊन.
संडास गल्लीच्या टोकाला, म्हणून पाणी बेतानं पिते.
बीपीची गोळी मात्र चुकवत नाही,
ती गोळी अंगातलं पाणी काढते
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.
चक्कर येते म्हणाली, संध्याकाळची.
मग हसली. काय होतंय की, उन्हाळाय.

काय होतंय.
या गावात हे दोन शब्द
मार्चपासून जूनपर्यंत पुरतात.
नळ चार दिवसांआड, म्हणून बॅरल भरलेलं,
बॅरलला झाकण नाही, आत अळ्या. काय होतंय.
माठाखालच्या ओल्या वाळूत विंचू
गारव्याला येऊन बसतो
आपल्यासारखाच. काय होतंय.
लूमवरचा मल्लेशम दुपारच्या पाळीत
घाम यायचा थांबला म्हणून खूश झाला होता.
त्याला रिक्षात घालून नेलं तेव्हा
अंग तव्यासारखं होतं.

मी शहाणा म्हणून सांगत नाही.
तीन उन्हाळ्यांपूर्वी, सत्तर फूट रोडच्या मागे,
एका घरात बोर्डाला दोनच भोकं होती
आणि कूलरच्या प्लगला तीन पिना.
बाई म्हणाल्या, बसवा कसंही, पोरगं तळमळतंय.
तिसरी पिन मी पकडीनं कापली.
टक्. एवढाच आवाज.
ऐंशी रुपये घेतले, वर सरबत प्यालो.

शाळेला सुट्टी लागली होती.
श्रीनिवास, वय नऊ,
चालू कूलरमध्ये बादली ओतायला गेला
अनवाणी, ओल्या फरशीवर.
वाचला. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत.
मी बघायला गेलो तर घरचे म्हणाले,
काय करणार मिस्त्री, यंदाचा उन्हाळाच वाईट.
आणि मला पुन्हा सरबत दिलं.

कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर
मी काय म्हणालो असतो, माहीत नाही.

तेव्हापासून ही हिरवी वायर.
पैसे कुणी देत नाही, मी मागतही नाही.
नरसम्माच्या मोरीमागे हातभर खड्डा केला,
कोळसा, मीठ, लोखंडी पट्टी.
म्हटलं, आता याला दर दोन दिवसांनी तांब्याभर पाणी.
माती सुकली की करंट उतरायला वाट राहत नाही.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग बॅरलकडे.
मातीला? म्हणाली. पाणी?
आणि नातीला हाक मारून तेलुगूत काही सांगितलं,
दोघी बराच वेळ हसल्या.

मी बाहेर आलो तर गल्लीत एकच ओरड,
नळ आला!
दाराबाहेर मोटारी लागल्या,
उंबऱ्यांवरून वायरी, जोडाला प्लास्टिकची पिशवी,
पाइप फुटून रस्ताभर पाणी,
आणि त्या पाण्यात बायका, पोरं, कळशा.
पिशवी खांद्याला लावून मी तिथंच उभा राहिलो.
चपला किती जणांच्या पायांत आहेत
मोजत होतो.