तात्पुरतं

मे महिना, दुपारचे सव्वातीन.
कलेक्टर ऑफिससमोरच्या आमच्या टिनाच्या ठेल्यात
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसती भट्टीची हवा फेकतोय,
आणि शपथपत्र अर्धं छापून प्रिंटर थांबला.
सी ड्राइव्हची पट्टी लालेलाल.
जागा नाही.

बाहेर अकरा माणसं, डोक्याला दुपट्टे बांधलेली.
एकाच्या मुठीत टोकन भिजून मऊ झालेलं,
त्याची खिडकी साडेचारला बंद होते.

सुगतला फोन लावला. तो वाडीला, कंपनीच्या गेटवर.
"काकू, टेम्प साफ केलं होतं का कधी?"
नाही, बापा.
"मंग काऊन भरणार नाही?
विंडोजचं बटन अन् आर दाबा,
टक्क्याचं चिन्ह, टेम्प, परत टक्का.
सारं निवडा अन् मारून टाका.
कामाचं काही नसते त्याच्यात."

उघडलं.
बत्तीस हजार सातशे फाइली.
नावं अशी नाहीतच,
वळवळणारी एक रेघ आणि पुढे आकडे,
जसं यांच्या बारशाला कुणी आलंच नव्हतं.

मारायच्याच होत्या. पण बोट दोनदा पडलं एकीवर.
परातेंची लग्नपत्रिका,
नवरीच्या मामाचं नाव नसलेली.
मामा स्वतः येऊन बसला होता मग या स्टुलावर
नाव पडेपर्यंत.
दुसरी, एका पोरीचा बायोडाटा, वय एकोणतीस.
त्याच्याच खालची, वय सत्तावीस.
तिसरी नंदनवारांची.

होमराज नंदनवार, दर सोमवारी.
गिरणीच्या थकबाकीचा अर्ज, पान एक, प्रती तीन.
तारीख तेवढी बदलायची.
यात मात्र शेवटच्या परिच्छेदात एक ओळ जास्तीची:
"माझी पत्नी रोज विचारते आणि मी रोज खोटं सांगतो."

आठवलं.
ते बोलले होते, मी टाइप केलं होतं,
मग चष्मा काढून पुसत बसले बराच वेळ.
म्हणाले, "खोडा ते बाई. अर्जात असं लिहीत नसतात."
मी खोडलं होतं. नक्की खोडलं होतं.
दहा मिनिटांनी एकदा
हे यंत्र आपलंआपण जपून ठेवतं
हे तेव्हा कुणाला ठाऊक.

तात्पुरतं म्हणजे काय ते मला सांगू नका.
या ठेल्याचा परवाना तात्पुरता आहे,
एकोणीस वर्षं झाली.
आमचे हे महानगरपालिकेत रोजंदारीवर होते,
कायम झाल्याचं पत्र आलं
तेव्हा वारसाच्या अर्जात त्यांच्या नावाआधी
"कै." मीच टाइप केलं.
पाच रुपये पान.
माझे मी घेतले नाहीत.

"मॅडम, होणार आहे का आज?"
तीन सदतीस.

सगळं निवडलं. खिडकी निळी झाली वरपासून खालपर्यंत.
डिलीट.
हिरवी पट्टी सरकत राहिली, मध्येच अडली.
सतरा फाइली जात नाहीत,
दुसरीकडे कुठेतरी उघड्या आहेत म्हणे.
असतील.
वगळा.

नऊ जीबी.
प्रिंटर खाकरला, गरम कागद ओढू लागला.
"जागा झाला एकदाचा," टोकनवाला म्हणाला,
आणि पानं हातात पडताच चप्पल घालता घालता पळाला,
दहा रुपये टेबलावर, सुटे न घेता.

सोमवारी नंदनवार येतील.
अर्ज आहेच, डी ड्राइव्हवर, नीट नावानं ठेवलेला,
ती ओळ नसलेला.
तारीख तेवढी बदलायची.