वाजवून बघणे

शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं माझं काम एवढंच:
कास्टिंग साखळीला टांगायचं,
पाव किलोच्या हातोडीनं टिचकी द्यायची
आणि ऐकायचं.
खण्ण आलं की खडूची रेघ, माल पुढं.
बद्द आलं की आत कुठंतरी भेग,
दिसो न दिसो,
परत भट्टीत.

ह्या कामानं डावा कान नेला.
उजवीकडची दाढ मात्र मीच घालवली,
अडकित्ता हाताशी असताना सुपारी दातानं फोडून.

राजारामपुरीतल्या इंगवले डॉक्टरीणबाईंनी
जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवला,
त्यावर तांदळाएवढी खुंटी पिळली,
पेनासारखं यंत्र जवळ धरलं. टेकवलं नाही.
"चुंबकानं खुंटी थरथरते," म्हणाल्या,
"स्क्रू जितका घट्ट, तितका सूर वर."
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
आकडा आला चौसष्ट.

तिसऱ्या आठवड्यात सत्तावन्न.

मी खुर्चीत ताडकन उठून बसलो.
रिजेक्ट?
बाई हसल्या नाहीत, हे बरं केलं.
"बसवला तेव्हा जुन्या हाडानं आवळून धरलं होतं.
ते आता हात सोडतंय.
नवं हाड अजून यायचंय.
मधले दिवस असेच."

दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला युनूस आठवला,
साचा गरम असतानाच फोडायची घाई करणारा.
किती शिव्या घातल्या होत्या मी त्याला.

मग दुधात कुस्करलेली भाकरी, डाव्या बाजूनं.
"जिभेनं चाचपू नका सारखं," बायको म्हणायची,
आणि जीभ तिथंच.
एका रात्री नखानं वाजवून बघितलं.
जन्मभर दुसऱ्यांचं लोखंड ऐकलं,
स्वतःच्या हाडाचं काही कळेना.

बाराव्या आठवड्यात त्र्याहत्तर.
"आता बाजूनं घ्या," मी म्हणालो.
एका अंगानं वाजवलेल्या मालावर मी कधी सही केली नाही.
"घेणारच होते," म्हणाल्या. यंत्र वळवलं.
एकाहत्तर.
कार्डावर दोन्ही आकडे लिहिले, तारीख घातली.
"धरलंय हाडानं."

खाली आलो.
निवृत्तीला दोन वर्षं झाली
तरी खिशात खडूचा तुकडा असतो.
स्कूटरच्या आरशात बघून
उजव्या गालावर एक रेघ ओढली
आणि घरी पोचेपर्यंत पुसली नाही.