पान सात, आतल्या बाजूने

छापखाना बंद झाला त्या आठवड्यात
लोकांनी खुर्च्या नेल्या, भिंतीवरचं घड्याळ नेलं,
कुणीतरी टेबलफॅन.
मी ऑफसेटच्या अठरा प्लेटा नेल्या
ट्रॉलीबसने, मांडीवर आडव्या धरून,
आणि कंडक्टर बाईने दोन तिकिटं फाडली.

अ‍ॅल्युमिनियम. जाडी तीन दशांश मिलिमीटर.
नखाने वाजवलं तर पातळ, उद्धट आवाज.

खालच्या मजल्यावरच्या झाखारीने
तीस वर्षं टग हाकला डॅन्यूबवर,
मागे सहा बार्ज, कोळशाने भरलेले,
प्रवाहाविरुद्ध ताशी नऊ किलोमीटर.
म्हणाला, नेवेना,
मरायच्या आधी एकदा सुसाट जायचंय.
बसून नाही, काठावर उभं राहून चालेल.

तळाच्या कोनावरून तीन रात्री भांडलो.
त्याला खोल व्ही हवा, लाटा कापायला.
तळ्यात लाटा कुठल्या, मी म्हटलं, बदकांच्या?
शेवटी नाकाशी त्याचा कोन, मागे माझा,
मधल्या सांगाड्यांनी काय ते आपापसात मिटवलं.

पत्रा नाकाशी वळेना. दोनदा फाटला.
मग साबणाची वडी घासली त्यावर
आणि खालून ज्योत फिरवली, हळू,
साबण करपून काळा पडेस्तोवर.
तिथे हात आखडायचा.
एक श्वास उशीर, की पत्र्याला भोक
आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर चांदीचा थेंब.
(तो अजून तिथेच आहे. निघत नाही.)
निवल्यावर पत्रा ऐकू लागला,
ओल्या चामड्यासारखा, थोडी कुरकुर करत.

रिव्हेटं दोनशे बारा.
झाखारी म्हणतो दोनशे दहा.
मग उरलेली दोन कुणाच्या पायात रुतली ते विचारा त्याला.

बाहेरून घासून लख्ख केली. अक्षरं आत.
तळाला मुद्दाम ती प्लेट घेतली
जी नऊ वर्षं कपाटामागे होती:
पान सात. कांद्याचे भाव, फुटबॉलचे निकाल,
आणि चौथ्या स्तंभात बेकरीवाल्या त्स्वेताना बाईंचं अभिनंदन,
साठीच्या जागी सत्तरीचं.
ऑफसेटची प्लेट सुलटीच वाचता येते,
त्यामुळे मला निमित्तही नव्हतं.
त्या दिवसापासून बाई माझ्याशी बोलल्या नाहीत.
पाव देत राहिल्या. कालचा.

पहिल्या चाचणीत, काठापासून वीस मीटरवर,
बोट बहिरी झाली.
झाखारी दांडी डावीकडे दाबतोय, ती सरळ,
आणि सरळ लव्हाळ्यात घुसली मोटार ओरडत.
त्याचा नातू कालोयान गुडघाभर चिखलातून ती घेऊन आला.
डबा आहे हा आजी, म्हणाला,
झाकण लावलेल्या डब्यात रिसीव्हरला काय ऐकू येणार?
आम्ही दोघं म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिलो.
एवढं घासूनपुसून, एवढं सांधून, पाण्याचा थेंब आत येऊ नये म्हणून.
मग डेकला भोक पाडलं,
सरबताची पिवळी नळी बसवली,
तिच्यातून दोन बोटं तार बाहेर.
दिसायला वाईट. कान असाच असतो.

शर्यतीत सात बोटी. आमची सहावी,
सातवी बुडाली म्हणून.
बाकीच्या फायबरच्या, प्लॉव्हदिवच्या पोरांच्या,
वळणावर पाण्याला चापट्या मारत जाणाऱ्या.
आमची मात्र पत्र्यावर गारांचा सडा.
सगळा काठ आवाजाकडे वळला.
झाखारी तोंड उघडं ठेवून उभा,
टोपी कधी उडाली त्याला कळलं नाही,
मीही सांगितली नाही.

घरी येऊन झाकण काढलं. आत पेलाभर पाणी.
स्पंजने टिपत होतो, तो एका बाजूने, मी दुसऱ्या,
तर तो चष्मा कपाळावर सारून वाकला,
चौथ्या स्तंभावर बोट ठेवून म्हणाला,
ही बाई आता खरंच सत्तरची झाली असेल, नाही?

मी मोजलं.
येत्या मार्चात.